चेंडू हातातून सुटताना

12 मे 2019, टोरांटो. रॅप्टर्स आणि फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स यांच्यातला सातवा, निर्णायक सामना. 90-90 अशी बरोबरी आणि घड्याळात 4.2 सेकंद. कवाय लेनर्डने चेंडू घेतला, उजव्या कोपऱ्याकडे धाव घेतली आणि सात फुटी जोएल एम्बीडचा हात समोर आलेला असताना चेंडू उंच फेकला. चेंडू हवेत होता तेव्हाच बझर वाजला. रिंगवर एक टप्पा पडला, मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि मग चेंडू आत पडला. 92-90. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या इतिहासात सातवा सामना शेवटच्या बझरसोबत सुटलेल्या शॉटवर जिंकण्याची ही पहिली वेळ होती. महिन्याभरात रॅप्टर्स पहिल्यांदाच विजेते झाले, आणि लेनर्ड 'क्लच', म्हणजे ऐन मोक्याला हमखास मारणारा, आहे की नाही, हा प्रश्नच कुणी विचारेनासं झालं.

हाच लेनर्ड सहा वर्षांपूर्वी, 18 जून 2013 रोजी, मायामीत सॅन अँटोनियो स्पर्सकडून खेळत होता. वय 21. फायनलचा सहावा सामना, जिंकला असता तर विजेतेपद स्पर्सचं. 19.4 सेकंद उरले असताना त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला हुकला, दुसरा बसला. आघाडी तीनची झाली, चारची झाली नाही. त्या एका गुणाच्या फटीतून रे ॲलनने 5.2 सेकंद बाकी असताना तीन गुणांचा शॉट मारून बरोबरी साधली. मायामी हीटने जादा वेळेत तो सामना घेतला आणि मग सातवाही. टोरांटोचे चार टप्पे लोकांना पाठ आहेत. मायामीतला तो हुकलेला फ्री थ्रो मात्र लेनर्डच्या नावावर फारसा कुणी मांडत नाही.

सामना संपत आलाय, दोन्ही संघ अंगाला अंग लावून आहेत, अशा वेळी चेंडू कुणाच्या हातात द्यावा? आणि ज्याला आपण 'हा शेवटी हमखास मारतो' म्हणतो, तो खरोखर मारतो का? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. भारतात एनबीएचे सामने पहाटे किंवा सकाळी लागतात. चहाचा कप हातात घेऊन ते बघणाऱ्या आणि मग दिवसभर त्यावर भांडणाऱ्या वाचकांना हा वाद नवा नाही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. शॉटचा निवाडा चेंडू हातातून सुटतो त्या क्षणी करावा. त्यानंतर रिंगवर जे घडतं त्यात खेळाडूचा वाटा संपलेला असतो. लेनर्डच्या चेंडूने चौथ्या टप्प्यावर बाहेरचा रस्ता धरला असता, तरी तो शॉट तितकाच चांगला किंवा तितकाच वाईट राहिला असता.

आधी व्याख्या. एनबीएच्या अधिकृत आकडेवारीत 'क्लच' म्हणजे चौथ्या क्वार्टरची शेवटची पाच मिनिटं किंवा जादा वेळ, आणि गुणफरक पाच किंवा त्याहून कमी. व्याख्या सोयीची आहे, सगळीकडे वापरली जाते, आणि तिच्यात मोठी गफलत आहे. 4 मिनिटं 50 सेकंद बाकी असताना पाच गुणांची आघाडी असलेल्या संघाने सहज मारलेला ले-अप आणि एका गुणाने मागे असताना शेवटच्या सेकंदाला दोघांच्या मधून मारलेला जंप शॉट, दोन्ही तिच्या लेखी एकाच खात्यात जमा होतात. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो दुसऱ्याच्या वेळी. व्याख्या आवळून शेवटची 24 सेकंदं घेतली तर आपल्याला हवा तो क्षण नेमका सापडतो, पण शॉट इतके थोडे उरतात की त्यावरून काही म्हणायची सोय राहत नाही. हा पेच पुस्तकभर सोबत राहणार आहे.

त्याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण लेकर्सचा कोबी ब्रायंट. त्याच्या उमेदीच्या काळात शेवटचा शॉट कुणी घ्यावा असं विचारलं की खेळाडू, प्रशिक्षक, संघांचे व्यवस्थापक, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असायचं. 2011 च्या सुरुवातीला ईएसपीएनच्या हेन्री ॲबट यांनी हिशेब मांडला. संघ बरोबरीत किंवा एक-दोन गुणांनी मागे, शेवटची 24 सेकंदं, प्लेऑफ धरून तोवरची सगळी कारकीर्द. कोबीने असे 115 शॉट मारले होते. त्यातले 36 बसले, 79 हुकले. म्हणजे 31 टक्के. एरवी त्याची टक्केवारी 45 च्या आसपास असायची. त्या लेखावरून केवढं काहूर माजलं! कोबीच्या चाहत्यांना हा अपमान वाटला आणि विरोधकांना हातात कोलीत मिळालं. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली. संपूर्ण लीगमध्ये अशा शॉटची टक्केवारीच तिशीच्या आसपास होती. कोबी दडपणाखाली ढेपाळत होता असं त्या आकड्यांवरून म्हणता येत नाही, आणि देवमाणूस होता असंही म्हणता येत नाही. इतरांइतकेच त्याचे शॉट बसत होते, फक्त तो ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त मारत होता. 36 आठवणी कुणालाही दंतकथा बनवायला पुरेशा आहेत.

पण 115 हा आकडासुद्धा लहानच. इतक्या शॉटमध्ये 31 टक्के मिळाले तर खेळाडूची खरी क्षमता तेवीसपासून चाळिशीपर्यंत कुठेही असू शकते, असं साधं संख्याशास्त्र सांगतं. आणि ही जवळजवळ पंधरा वर्षांची जमा. एका हंगामाचं काय? समजा, शंभर खेळाडू आहेत, सगळे अगदी सारखे, 45 टक्क्यांचे, आणि दडपणाचा कुणावरच काही परिणाम होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला वीस निर्णायक शॉट आले. निव्वळ योगायोगाने त्यातल्या दोघांचे 14 किंवा जास्त शॉट बसतील, आणि दोघांचे चार किंवा कमी. पहिल्या दोघांच्या मुलाखती होतील, त्यांच्या लहानपणच्या जिद्दीच्या गोष्टी छापून येतील. दुसऱ्या दोघांना काळजाने कच्चे ठरवलं जाईल. खेळाडू मात्र चौघंही सारखेच. 2022-23 च्या हंगामापासून एनबीए सर्वोत्तम क्लच खेळाडूचा पुरस्कार देते. पहिला सॅक्रामेंटोच्या डी'आरॉन फॉक्सला, मग स्टेफ करीला, मग न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनला. तिघंही थोर आहेत. तरीही एका हंगामातल्या मोजक्या शॉटवरून स्वभावाचं प्रमाणपत्र देणं मला पटत नाही. हंगामात काय घडलं याची नोंद म्हणून हा पुरस्कार खुशाल द्यावा.

इथे एखादा वाचक म्हणेल, मग हे सगळं थोतांडच, नाही का? नाही. हे थोतांड म्हणण्याची घाई एकदा झालेली आहे. 1985 साली गिलोविच, वालोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी 'हॉट हँड'चा, म्हणजे एकदा हात बसला की शॉट बसतच जातात या समजुतीचा अभ्यास केला. फिलाडेल्फियाच्या खेळाडूंचे शॉट, बॉस्टनच्या खेळाडूंचे फ्री थ्रो आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या खेळाडूंवरचा प्रयोग, असं सगळं तपासून त्यांनी तो भास असल्याचं सांगितलं. तीस वर्षं हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकांत राहिला. मग मिलर आणि सानहुर्हो या दोन अर्थतज्ज्ञांनी त्या मोजणीतच एक बारीक खोट दाखवली. नाणं तीनदा उडवा. छाप्यानंतर पुन्हा छापा किती वेळा आला याचं प्रमाण काढा. असे पुष्कळ प्रयोग करून त्या प्रमाणांची सरासरी घ्या. ती 50 टक्के यायला हवी असं कुणीही म्हणेल. येते सुमारे 42. छोट्या मालिकांमध्ये मोजणी मुळातच खाली झुकलेली असते. म्हणजे जुन्या आकड्यांत ज्याला 'काही फरक नाही' म्हटलं होतं, त्यात फरक दडलेला होता. थोड्या आकड्यांत एखादी गोष्ट दिसली नाही, एवढ्यावरून ती नाहीच असं ठरत नाही. क्लचबद्दल मी हीच सावधगिरी बाळगतो. दडपणात काही माणसं इतरांपेक्षा स्थिर राहतात हे मी मानतो. त्यांना ओळखायला शेवटच्या शॉटची टक्केवारी पुरी पडत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

ती पुरी का पडत नाही, हे मैदानाकडे नीट बघितलं की कळतं. पहिल्या क्वार्टरमध्ये संघ चेंडू फिरवतो, दोन-तीन अडसर लावतो, कुणीतरी मोकळा सापडतो. शेवटच्या चोवीस सेकंदांत बहुतेक संघ हे सगळं गुंडाळून ठेवतात. सगळ्यात मोठा खेळाडू मधोमध चेंडू आपटत उभा, बाकीचे चौघे कडेला, घड्याळ आठ-सातवर येईपर्यंत काहीच नाही, मग एक ड्रिबल, एक झोका, आणि बचाव करणाऱ्याच्या पंजावरून शॉट. समोरच्या संघाला हे काही मिनिटं आधीपासून ठाऊक असतं. पाय थकलेले असतात. अशा शॉटची टक्केवारी पडणार नाही तर काय होईल? त्यात दोष हाताचा किती आणि आखणीचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय खेळाडूवर शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

म्हणून निवड बघावी लागते. 21 मे 2007, डेट्रॉइट. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीचा पहिला सामना, क्लीव्हलंड दोन गुणांनी मागे. लेब्रॉन जेम्स आत घुसला, बचाव त्याच्यावर कोसळला, आणि त्याने कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या डॉन्येल मार्शलला पास दिला. मार्शल तीन गुणांचा चांगला नेमबाज होता. शॉट हुकला, क्लीव्हलंड 79-76 ने हरलं, आणि दुसऱ्या दिवशी लेब्रॉनमध्ये 'तो' गुण नाही असं जिकडेतिकडे सुरू झालं. दहा दिवसांनी याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याने संघाचे शेवटचे 25 गुण एकट्याने केले. 48 गुण, दोन जादा डाव, 109-107 असा विजय. तेव्हा तोच माणूस क्लचचा मूर्तिमंत नमुना ठरला. माझ्या मते पहिल्या सामन्यातला पास बरोबरच होता. दोघांच्या अंगावरून मारलेल्या शॉटपेक्षा मोकळ्या नेमबाजाचा कोपऱ्यातला शॉट केव्हाही बरा.

लोक मायकेल जॉर्डनचं उदाहरण देतात, जॉर्डनने पास दिलाच नसता म्हणतात. असं म्हणणाऱ्यांनी 13 जून 1997 ची चित्रफीत पुन्हा बघावी. फायनलचा सहावा सामना, शिकागो बुल्स आणि युटा जॅझ, 86-86. टाइमआउटमध्ये जॉर्डन बाकावर बसून स्टीव्ह करला सांगतोय की स्टॉकटन मला घेरायला येईल, तू तयार राहा. कर म्हणतो, राहतो. आणि अगदी तसंच घडतं. जॉन स्टॉकटन जॉर्डनकडे सरकतो, चेंडू करकडे जातो, सतरा फुटांवरून शॉट, पाच सेकंद बाकी, 88-86. तीन गुणांच्या शॉटची कारकिर्दीतली सर्वोच्च टक्केवारी आजही ज्या करच्या नावावर आहे, त्याच्या हातात चेंडू देणं हा जॉर्डनचा त्या सामन्यातला सगळ्यात मोठा निर्णय होता. 1993 च्या फायनलच्या शेवटच्या सामन्यातही बुल्सच्या पाचही जणांच्या हाताला लागून चेंडू जॉन पॅक्सनकडे पोहोचला, 3.9 सेकंद बाकी असताना त्याने तीन गुण मारले, आणि बुल्स 99-98 ने विजेते झाले. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये या दोन क्षणांना जागा मिळत नाही. तिथे 1998 चा युटामधला शॉट असतो, ब्रायन रसेल घसरलेला आणि जॉर्डनचा हात अजून वरच.

त्या पोस्टरबद्दलही थोडं सांगायला हवं. जॉर्डनचा शॉट बसला तेव्हा 5.2 सेकंद बाकी होती आणि बुल्स 87-86 ने पुढे होते. जॅझकडे चेंडू होता. स्टॉकटनने तीन गुणांचा शॉट मारला, तो रिंगला लागून बाहेर गेला. वर्षभरापूर्वी, 29 मे 1997 ला, याच स्टॉकटनने ह्यूस्टनमध्ये बझरसोबत तसाच शॉट घालून युटाला पहिल्यांदा फायनलमध्ये नेलं होतं. स्टॉकटनचा दुसराही शॉट बसला असता तर जॉर्डनच्या त्या शॉटला आपण काय म्हटलं असतं? मालिकेत 3-3 अशी बरोबरी आणि पराभूत संघाचा शेवटचा प्रयत्न. जॉर्डनने त्यात वेगळं काहीच केलं नसतं. त्याच्या थोरवीला याने धक्का लागत नाही. त्या शॉटच्या आधी जॅझच्या कार्ल मलोनच्या हातातून चेंडू हिसकावण्याची हिंमत, तो अंदाज, आणि टाइमआउट न घेता सरळ पुढे जाण्याचा निर्णय, हे सगळं त्याचं होतं. रिंगवर घडलेलं मात्र कुणाचंच नव्हतं.

रॉबर्ट हॉरीची गोष्टही याच अंगाने बघण्यासारखी आहे. कारकिर्दीत सामन्यामागे सरासरी सात गुण करणारा माणूस, तीन संघांकडून सात विजेतेपदं, आणि 'बिग शॉट' ही पदवी. 26 मे 2002 रोजी सॅक्रामेंटोविरुद्ध लेकर्स दोन गुणांनी मागे होते. कोबीचा शॉट हुकला, शॅकिल ओनीलचा हुकला, व्लादे दिवात्सने चेंडू दूर टोलवला तो थेट हॉरीच्या हातात. तीन गुण, बझर, 100-99. दिवात्सने चेंडू एक हात डावीकडे टोलवला असता तर? पण हॉरी तिथे उभा होता, तोल सावरलेला, हात तयार. त्याचं कौतुक मला या तयार उभं राहण्यासाठी वाटतं. रे ॲलनचंही तेच. 2013 च्या त्या सहाव्या सामन्यात, तेव्हा मायामीकडून खेळणाऱ्या लेब्रॉनचा शॉट हुकला, त्याच संघाच्या ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, आणि ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्यातल्या रेषेमागे सरकत होता, खाली न बघता. हा सराव त्याने अनेक वर्षं केलेला होता: जमिनीवर पडायचं, उठायचं, मागे पळत कोपरा गाठायचा आणि चेंडू आला की मारायचा. कोपऱ्यात तीन गुणांची रेषा आणि बाहेरची रेषा यांच्यात जेमतेम तीन फूट जागा असते. पाय त्यात बसवणं, ही गोष्ट ॲलनच्या हातातली होती आणि त्याने ती आधीच करून ठेवली होती. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण अशाच गोष्टींवर आहे: पाय कुठे होते, शॉट कुठून घेतला, समोरचा किती जवळ होता, कुणी मोकळं होतं का, किती सेकंद हातात होती. आता मैदानावरच्या कॅमेऱ्यांमुळे यातलं पुष्कळ काही मोजता येतं आणि शॉट बसण्याआधीच त्याची किंमत ठरवता येते.

उरतो फ्री थ्रो. पंधरा फूट, समोर कुणी नाही, आखणीचा प्रश्न नाही, शॉट दरवेळी तोच. दडपणाचा परिणाम निखळ बघायचा तर याहून चांगली जागा नाही. काओ, प्राइस आणि स्टोन या संशोधकांनी 2011 मध्ये एनबीएचे फ्री थ्रो तपासले. अगदी चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या सेकंदांत खेळाडू नेहमीपेक्षा सरासरी पाच ते दहा टक्के बिंदूंनी कमी पडतात, असं त्यांना दिसलं. मुळात कच्चे असलेले खेळाडू जास्त घसरतात, पहिला हुकला की दुसरा हुकण्याचा संभव वाढतो. बरोबरी असेल तेव्हा मात्र घसरण सापडली नाही. घरच्या मैदानाचा, गर्दीचा किंवा प्लेऑफचा फरकही दिसला नाही. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती बरोबरीची गोष्ट. हुकलं तर हरू ही भीती आणि बसलं तर जिंकू ही आशा, दोन्हींचं ओझं सारखं नसतं.

7 जून 1995 ला ऑर्लँडोत निक अँडरसन त्या रेषेवर उभा होता. फायनलचा पहिला सामना, त्याचा संघ मॅजिक तीन गुणांनी पुढे, दहा-अकरा सेकंद बाकी. दोन फ्री थ्रो हुकले, चेंडू परत त्याच्याच हातात आला, पुन्हा फाउल, पुन्हा दोन, तेही हुकले. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने बरोबरी साधली, सामना जादा वेळेत गेला, ह्यूस्टन 120-118 ने जिंकलं आणि मग मालिका 4-0. अँडरसन फ्री थ्रोमध्ये सुमारे 70 टक्क्यांचा खेळाडू होता. अशा खेळाडूचे चार लागोपाठ हुकण्याची शक्यता एका टक्क्याहून थोडी कमी. दुर्मीळ, पण वर्षभर हजारो फ्री थ्रो होणाऱ्या लीगमध्ये अशक्य मुळीच नाही. पुढच्या हंगामात त्याची टक्केवारी जवळपास पूर्वीइतकीच राहिली. त्यानंतरच्या, 1996-97 च्या हंगामात ती 40 वर आली.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. त्या रात्रीच्या दडपणाने तो कायमचा मोडला असता, तर घसरण लगेच दिसायला हवी होती. मधल्या काळात त्याला काय मिळालं? प्रत्येक शहरात, प्रत्येक रेषेवर, त्या चार शॉटची आठवण. त्याचा आपल्या मनावर झालेला परिणाम त्याने स्वतः उघडपणे सांगितला आहे. आपण चार शॉट बघून माणसाच्या काळजाबद्दल निकाल दिला, आणि माझं वाचन असं आहे की तो निकाल त्याला दरवेळी रेषेवर सोबत घेऊन उभं राहावं लागलं. कोबीला 36 शॉटनी जे दिलं, त्याच्या उलट अँडरसनला चार शॉटनी दिलं, आणि दोन्हीकडे हिशेब अपुराच होता. पहिल्या बाबतीत नुकसान कुणाचं झालं नाही. दुसऱ्या बाबतीत एका चांगल्या खेळाडूची काही वर्षं गेली. म्हणून या पुस्तकात कुणालाही 'शेवटी कच खाणारा' म्हणण्यासाठी मी जास्त कडक पुरावा मागितला आहे, आणि तो जवळजवळ कुठेच मिळालेला नाही. 1997-98 मध्ये अँडरसनची टक्केवारी पुन्हा साठीच्या वर गेली, आणि त्याचं प्रकरण मी तिथून सुरू केलं आहे.